श्यामची आई कठोर होती का?

पहाटे साडेपाच. धुळ्यात पौषातली थंडी आहे. चहा उकळेपर्यंत आजचा उतारा पुन्हा वाचून घेते. अमळनेर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सहावीला मराठी शिकवते. आज ‘श्यामची आई’मधलं ‘श्यामचे पोहणे’ घ्यायचं आहे. वाचताना कुठे थांबायचं, तिथे पेन्सिलीने खुणा करते. सगळी गोष्ट एका दमात सांगितली, तर मुलांना शेवट कळतो, पण त्यातली माणसं कळायची राहून जातात.

सव्वाआठ. अमळनेरची एसटी. शेजारी कापसाची गाठोडी घेतलेल्या दोन बाया बसल्या आहेत. वेचणी अजून उरकलेली नाही, म्हणजे आज वर्गात चार-सहा जागा रिकाम्या दिसणार. ‘श्यामची आई’ लिहिणारे साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढायचे. मुलं वर्गात गेली की त्यांच्या खोल्या आवरायचे, कपडे धुऊन ठेवायचे. हे मी मुलांना आवर्जून सांगते आणि पुढे लगेच विचारते, ‘यावरून गुरुजी कसे असतील?’ उत्तर माझ्याकडून मिळत नाही, ते मुलांनीच काढायचं.

साडेदहा. घंटा, प्रार्थना, परिपाठ, हजेरी. आठ जण वेचणीला गेले आहेत.

सव्वाअकरा. परीक्षेत प्रश्न ठरलेला असतो: अमुक पात्राची स्वभाववैशिष्ट्ये लिहा. उत्तरंही ठरलेली असतात: प्रेमळ, धाडसी, कष्टाळू, प्रामाणिक. ही विशेषणं गाइडमधून पाठ होतात आणि कुठल्याही पात्राला चिकटवता येतात. म्हणून आमच्या वर्गात नियम असा, की विशेषण सगळ्यात शेवटी यायचं. फळ्यावर तीन रकाने आखते: काय केलं, काय बोललं किंवा बोलायचं टाळलं, त्यावरून काय वाटतं. तिसरा रकाना भरायला जो उठेल त्याला पहिल्या दोन रकान्यांतल्या ओळीवर बोट ठेवावं लागतं. ‘पुरावा दाखव’ हे मला म्हणावं लागत नाही आता, मुलंच एकमेकांना म्हणतात.

वाचायला सुरुवात केली आणि पहिली अडचण विहिरीचीच. गोष्ट घडते त्या कोकणात पावसाळ्यात विहिरी तुडुंब भरतात, हे आमच्या मुलांना पटायला वेळ लागतो. इथे बोरी नदीचं पात्रही वर्षातले कितीतरी महिने कोरडं पडलेलं असतं आणि विहिरीत डोकावलं तर पाणी पार तळाला. त्यामुळे श्यामची पाण्याची भीती त्यांना आधी समजावून द्यावी लागते. मग पोहायच्या भीतीने श्याम घरात लपतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीकडे धाडते. इथे माझी पहिली खूण आहे. पुस्तक मिटते आणि विचारते, ‘आई कशी आहे?’

वर्ग गप्प. गेल्या आठवड्यात याच मुलांनी फुलांच्या कळ्यांसाठी हळहळणारी आई वाचली होती. तेव्हा सगळ्यांनी एका सुरात ‘मायाळू’ लिहिलं होतं. आता तीच आई हातात शिंपटी घेऊन उभी आहे. पुढच्या बाकावरचा एकजण म्हणाला, ‘कठोर.’ दुसरा म्हणाला, ‘रागीट.’ दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले, खोडले नाहीत. मग पुढचं वाचलं. श्याम पाण्यात पडतो, तरतो, घरी येतो, आणि त्याच्याशी बोलताना तीच आई हळवी होते. आपला मुलगा भित्रा म्हणून ओळखला जाऊ नये, हे तिच्या मनात असतं.

मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंडही न उघडणारी, अहिराणीत बोलून गेली, ‘माय मारसबी, आनि रडसबी.’ ते मी तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. एका विशेषणात माणूस मावत नाही, हे तिने दोन क्रियापदांत सांगितलं. त्यावर वाद पेटला. एका मुलाने ठामपणे सांगितलं, की मारणं चूकच, हेतू चांगला असला तरी चूक. मला हा मुलगा फार आवडतो. पात्र समजून घेणं म्हणजे त्याच्या बाजूने उभं राहणं नव्हे, आणि जुन्या शिस्तीत वाढलेल्या पालकांपेक्षा आजच्या मुलांना हे चटकन कळतं.

दीड. खिचडी. ओट्यावर बसून मुलं अजून त्याच विषयावर भांडत आहेत.

अडीच. जोड्या करून ‘अळणी भाजी’ दिली. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील मिठाविषयी काही न बोलता जेवतात, त्यांच्याकडे पाहून मुलंही गप्प राहतात. ती स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. इथे पहिला रकाना जवळजवळ रिकामाच राहतो, सगळं काही न बोलण्यात आहे. मला हा उतारा ‘पोहणे’पेक्षाही अवघड वाटतो आणि म्हणूनच तो दुसरा घेतला.

साडेतीन. पुस्तकांची पेटी उघडली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दोघांनी पळवला, बाकीच्यांनी ‘किशोर’चे जुने अंक. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, असं सांगितल्यावर एकाने विचारलं, ‘बाई, त्यांना आई आठवत होती म्हणून का?’ मी म्हटलं, ‘पुरावा शोध.’ तो पुस्तक घेऊन घरी गेला.

पाच. शाळा सुटली. एसटीत गर्दी, धुळ्यापर्यंत उभं राहून.

रात्री साडेआठ. भाकरी-भरीत उरकून वह्या काढल्या. ‘अळणी भाजी’वर बहुतेकांनी वडिलांना ‘समजूतदार’ म्हटलं आहे, आणि ओळही बरोबर दाखवली आहे. त्याच मागच्या बाकावरच्या मुलीने मात्र लिहिलं आहे: बाबांनी लगेच सांगितलं असतं, तर आईने मीठ आणून दिलं असतं आणि मुलांनाही अळणी खावं लागलं नसतं. नंतर तिला इतकं वाईटही वाटलं नसतं. बाबा चांगले आहेत, पण त्यांनी आईला विचारायला हवं होतं.

खाली मी लाल पेनाने लिहिलं, ‘उद्या वर्गासमोर हे मांड. समोरच्याने उत्तर दिलं, तर त्याच्याकडूनही ओळ मागून घे.’ पुढची वही उघडली.