ताप उतरला, पण आजारपण सरेना!

ताप जाऊन सहा आठवडे झाले. नवरा ऑफिसला जाऊ लागला, मुले शाळेत जाऊ लागली. घरच्या गृहिणीची बोटे मात्र सकाळी कणीक मळायलाही वळत नाहीत. जिना चढताना धाप लागते. त्यातच पाळी आली की चार दिवस अंथरूण सुटत नाही. ‘‘ताप तर सगळ्यांनाच आला होता, तुझंच काय एवढं?’’ असे सासूबाई म्हणतात. हळूहळू तिलाही वाटू लागते, आपण आळशी तर झालो नाही ना?

बंगळूरच्या घरांना अशी आजारपणे नवी नाहीत. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली होती. त्यानंतर तीन दशके गप्प राहिलेला हा आजार २००५-०६ मध्ये परतला आणि २००६ मध्ये एकट्या कर्नाटकात साडेसात लाखांच्या आसपास संशयित रुग्ण नोंदले गेले. पुढे २०२० मध्ये कोरोना आला. २०२४ मध्ये डेंग्यूला राज्य सरकारने साथीचा रोग म्हणून जाहीर केले.

जुने दुखणे, नवा ताप

चिकुनगुन्यानंतर सांधे महिनोन्महिने दुखू शकतात आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक आढळते. कोरोनानंतरचा रेंगाळणारा थकवाही स्त्रियांनाच जास्त छळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या व्याख्येनुसार संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, निदान दोन महिने टिकणारी आणि दुसरे कारण न सापडणारी लक्षणे या आजारात मोडतात.

जिला आधीच एंडोमेट्रिऑसिस आहे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढल्या आहेत, तिचे काय? अमेरिकेतील परिचारिकांच्या एका मोठ्या पाहणीत अशा स्त्रियांना कोरोनानंतरची दीर्घ लक्षणे जास्त प्रमाणात आढळली. एकामुळेच दुसरे होते, असे यावरून सिद्ध होत नाही. शरीरातील सततचा दाह हे त्याचे एक कारण असावे, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी असतील तर प्रश्न आणखी वेगळा. दर महिन्याच्या अतिरक्तस्रावाने शरीरातील लोह आधीच आटलेले असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा वेळी थकवा विषाणूचा की रक्त कमी असल्याचा, हे तपासणीशिवाय कळत नाही.

पाळीची गोळी जपून

पोट दुखले की डब्यातली नेहमीची गोळी घ्यायची, ही कित्येकींची सवय. पण डेंग्यूची शंका असताना मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेणे धोक्याचे असते, कारण त्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो. तापासाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉलच घ्यावे. डेंग्यूत प्लेटलेट्स घटतात आणि पाळीत खूप रक्त जाऊ शकते. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसही जपायचे असतात. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, चक्कर किंवा तासाला एक पॅड भिजणे, यांपैकी काहीही झाले तर थेट रुग्णालय गाठावे.

गर्भाशयाच्या आजारासाठी किंवा पीसीओएससाठी हार्मोनच्या गोळ्या चालू असतील, तर त्या परस्पर बंद करू नयेत. तापावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही त्यांची माहिती द्यावी.

वही ठेवा, तपासण्या करा

थकवा, दुखणे आणि पाळीच्या तारखा दोन-तीन महिने वहीत लिहून ठेवाव्यात. त्रास पाळीच्या सुमारास वाढतो की कायम असतो, हे त्यावरून डॉक्टरांच्या लक्षात येते. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉईड, बी-१२ आणि साखर यांच्या तपासण्यांबद्दल विचारावे. बंगळूरचे सरकारी वाणीविलास रुग्णालय तर खास स्त्रिया आणि मुलांसाठीच आहे.

बरे वाटले म्हणून एका दिवसात सगळे घर आवरायला घेऊ नये. अशी घाई केली की पुढचे दोन दिवस पडून काढावे लागतात. कामे थोडी थोडी, मध्ये विसावा घेऊन करावीत.

आणि घरच्यांनी? कणीक मळणे, पाणी भरणे ही कामे महिनाभर वाटून घेतली तर काही बिघडत नाही. ‘तुला काही झालेलं नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘चल, डॉक्टरांकडे जाऊन येऊ’ असे एकदा म्हणून पाहावे. तिचे अर्धे दुखणे तिथेच हलके होईल.