गेरूची रेघ

भाच्याने गाडी दारात आणली तेव्हा ती देखणी दिसत होती. पांढरी हॅचबॅक, जमिनीलगत बसवलेली, त्यावर नवी काळी सोळा इंची अलॉय. संध्याकाळी आम्ही चौघं बसून निघालो आणि पहिल्याच गतिरोधकावर मागून खर्रर्र आवाज आला. पाठोपाठ जळक्या रबराचा वास. “मामा, एकटा असलो की नाही घासत. माणसं बसली की घासतं,” तो म्हणाला. त्याच्या या वाक्यात अर्धं निदान होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

रावेरहून बऱ्हाणपूरकडे जाताना रस्त्याला लागून जी गॅरेजं आहेत, त्यांतल्या एकात गेलो. तिथे मुख्य काम केळीच्या गाड्यांचं: पिकअपचे कमानपाटे, ट्रॅक्टरची ट्रॉली, ट्रकचे ब्रेक. अशी छोटी, सजवलेली गाडी तिथे क्वचितच येते. पण टायर घासण्याचा प्रकार मिस्त्रींना नवा नव्हता. केळीचे घड हौदात रचले, पाटे सरळ झाले की पिकअपचं मागचं टायर पत्र्याला लागतं, हे ते वर्षानुवर्षं बघत आलेत. “रिकामी गाडी कधी खरं बोलत नाही, भाऊ,” ते म्हणाले आणि पोऱ्याला समोरच्या दुकानातून युरियाच्या सहा गोण्या आणायला पाठवलं. एक गोणी ४५ किलोची, म्हणजे २७० किलो. चार माणसांचं वजन झालं.

गोण्या मागे-पुढे ठेवल्या, तशी गाडी दिसेल इतकी खाली गेली. मग त्यांनी गेरू कालवला. पोळ्याला बैल रंगवतात तोच. चारही टायरांच्या खांद्यांवर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते त्या कडेवर, बोटभर रुंद पट्टा ओढला आणि वाळू दिला. नंतर भाच्याला गाडी फिरवून आणायला सांगितलं: एकदा सरळ, एकदा गतिरोधकावरून, एकदा स्टेअरिंग डावीकडे फुल काटून, एकदा उजवीकडे. गाडी परत आली. टॉर्च घेऊन आम्ही तिघं मडगार्डखाली वाकलो.

मागे दोन्ही बाजूंना पत्र्याच्या आत दुमडलेल्या कडेवर लाल ओरखडा होता. पुढे पत्रा स्वच्छ, पण प्लास्टिकच्या लायनरवर, बंपरकडच्या कोपऱ्यात, लाल चंद्रकोर उमटली होती. कान सांगत होते की आवाज मागून येतो. गेरूने दाखवलं की टायर पुढेही लागतंय, फक्त प्लास्टिकवर घासत असल्याने ते ऐकू येत नव्हतं.

आता चाकं उतरली. जुन्या चाकाच्या आतल्या बाजूला साडेपाच जे आणि ईटी ४५ असं कोरलेलं होतं, नव्यावर सात जे आणि ईटी ३५. जे म्हणजे रिमची रुंदी इंचांत. ईटी म्हणजे ऑफसेट: चाक हबला जिथे टेकतं ती जागा रिमच्या मधल्या रेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, ते. हा आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर. मिस्त्रींनी फरशीवर खडूने हिशेब मांडला. रुंदी दीड इंच वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला १९ मिलिमीटर. ऑफसेट १० ने घटला, म्हणजे सबंध चाक १० मिलिमीटर बाहेर. बाहेरची कड २९ मिलिमीटर पुढे आली आणि आतली फक्त ९ मिलिमीटर आत गेली. टायरही १८५/६५ आर १५ जाऊन २०५/५५ आर १६ आलं होतं. व्यास सुमारे ६२२ वरून ६३२ मिलिमीटर. म्हणजे वरच्या अंगाला आणखी पाच मिलिमीटर गेले. त्यात गाडी चाळीसेक मिलिमीटर खाली बसवलेली. जागा कुठे गेली, ते फरशीवर लिहून समोर होतं.

भाच्याला कुणीतरी स्पेसर टाकायला सांगितलं होतं. स्पेसर चाकाला अजून बाहेर ढकलतो. टायर आत शॉकअपला लागत असतं तर त्याचा उपयोग झाला असता, इथे पत्रा आणखी कापला गेला असता. कुठे घासतंय हे न पाहता दिलेला कुठलाही सल्ला असाच असतो.

खरी वाईट गोष्ट मागच्या स्प्रिंगांत निघाली. ज्याने गाडी बसवली त्याने नव्या स्प्रिंगा घातल्याच नव्हत्या, मूळ स्प्रिंगांचे दीड वेढे ग्राइंडरने कापले होते. अशी स्प्रिंग चाक खड्ड्यात लोंबकळलं की आपल्या बैठकीतून सुटू शकते, आणि वजन पडलं की गाडी थेट बंप रबरावर आदळते. मिस्त्रींनी हत्यार खाली ठेवलं. “हे बदलल्याशिवाय मी पत्र्याला हात लावणार नाही.” भाचा गप्प झाला. त्याने यासाठी पैसे साठवले होते, त्यामुळे मलाही वाईट वाटलं. तरी मिस्त्रींचं मला पूर्ण पटलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल मूळ रचनेत फेरफार करू नका असं सांगतात, हे मी त्याला तिथेच सांगितलं. आपल्या रस्त्यांची गोष्ट तर त्याहून सोपी. नियमातला गोल गतिरोधकही दहा सेंटिमीटर उंच असतो, गावोगावी लोकांनी घातलेले त्याहून उंच आणि अरुंद.

मूळ मापाच्या स्प्रिंगा भुसावळहून आल्या. गाडी आपल्या उंचीवर उभी राहिली, गोण्या पुन्हा चढल्या. मागच्या कडेवरची लाली निम्मी झाली, पण गेली नाही. मग टायर बदललं: १९५/५५ आर १६. याचा व्यास ६२१ मिलिमीटर, म्हणजे मूळ टायरइतकाच, त्यामुळे स्पीडोमीटरही खरा राहतो. सात इंची रिम या टायरला चालणारी शेवटची रुंदी, त्यापुढे नाही. रबराचा खांदा थोडा आत ओढला गेला आणि तेवढ्याने अजून जागा मिळाली.

उरलं ते पत्र्याचं काम. चाकाच्या जागी हबला बोल्टने आवळायचा दांडा आणि त्याच्या टोकाला कडक प्लास्टिकचा रोलर, असं हत्यार डेंटिंगवाल्याने आणलं. आधी हीटगनने कड तापवायची, हाताला चटका बसेल पण रंग फुगणार नाही इतकीच. थंड पत्रा दुमडला की रंगाला केसासारख्या चिरा जातात. मग रोलर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, परत, पुन्हा, दर फेरीला दांडा किंचित लांबवत. मागच्या मडगार्डला आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे जोडलेले असतात, मध्ये सीलर. हातोडीने ठोकलं तर सीलर फुटतो, पाणी शिरतं आणि दोन पावसाळ्यांत गंज बाहेर येतो. म्हणून घाई नाही. एका बाजूला पाऊण तास गेला. मला ते बघताना भाकरी थापणारा हात आठवत होता: दाब सगळीकडे सारखा, कुठेच अडखळ नाही. शेवटी कडेवर नवा सीलर, त्यावर रंगाचा हात. पुढच्या लायनरचा कोपरा तापवून, चिंधीने दाबून आत बसवला. कापला नाही.

तिसऱ्या दिवशी ताजा गेरू ओढून आम्ही पालला निघालो. या वेळी गोण्या नव्हत्या, माणसंच होती: मी, भाचा, ताई आणि भाऊजी, डिकीत केळीचे दोन घड. शेतं संपून सातपुड्याची वळणं लागली तशी गाडी एका अंगावर झुकू लागली. कुणी बोलत नव्हतं. सगळे मागच्या चाकाकडे कान लावून होते. टायरांचा आणि रस्त्याचा आवाज, एवढंच.

परत आल्यावर भाच्याने चारही मडगार्डखाली बोटं फिरवली आणि उजेडात धरून पाहिली. मागची दोन्ही बोटं कोरी. पुढची उजवी कोरी. पुढच्या डाव्या लायनरच्या कोपऱ्यावरून फिरवलेल्या बोटावर थोडीशी लाली होती. त्याने ते बोट मिस्त्रींसमोर धरलं. त्यांनी हीटगनची पिन पुन्हा बोर्डात घातली आणि पोऱ्याला जॅक लावायला सांगितला.