तमाशा : एका शब्दाचा प्रवास



परवा खिचडीच्या रांगेत ढकलाढकली झाली. गुरुजी ओरडले, "काय तमाशा लावलाय रे!" घरी येऊन मी हे आजोबांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "अगं, तमाशा बघायला आम्ही पदरचे पैसे मोजायचो." दुसऱ्या दिवशी मी गुरुजींनाच या शब्दाची माहिती विचारली. ती इथे देत आहे.

हा शब्द मूळचा अरबी. मिळून हिंडणे, असा त्याचा अर्थ. फारसीत 'हिंडून मौज पाहणे' असा अर्थ झाला. फारसी ही दरबाराची भाषा होती, तिच्यातून तो मराठीत आला. मराठीने मात्र तो एका कलेला दिला. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग, असा तमाशाचा क्रम असतो. ढोलकी, हलगी, तुणतुणे ही त्याची वाद्ये.

पुढे साहेबलोकांनीही हा शब्द उचलला. 1886 साली यूल आणि बर्नेल यांनी इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेल्या आपल्याकडच्या शब्दांचा कोश लंडनला छापला. त्यात तमाशा म्हणजे करमणूक, देखावा आणि लोकांची खळबळ, असे दिले आहे.

त्या कोशाचे नावच गमतीचे आहे, 'हॉब्सन-जॉब्सन'! ही माणसांची नावे नव्हेत. मोहरमच्या मिरवणुकीत लोक "या हसन! या हुसेन!" असा आक्रोश करतात. गोऱ्या शिपायांनी ते वेडेवाकडे ऐकले आणि त्याचे 'हॉब्सन-जॉब्सन' केले. त्याचा अर्थही त्यांनी सणाची धामधूम असा लावला. खरे तर ते दुःख होते. लांबून ऐकणाऱ्याला फक्त गलका ऐकू येतो.

तमाशाचेही तसेच झाले. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. सुट्टीच्या दिवशी ते लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाला जायचे. ते म्हणतात, "ढोलकी वाजली की गावाकडं आल्यासारखं वाटायचं." गिरणीत राबलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी तमाशातूनच कामगारांची दुःखे मांडली. 1944 साली त्यांनी शाहीर अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह 'लाल बावटा कलापथक' काढले. पुढे 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आजोबा गावी आले ते कायमचेच. बघणारेच परतले, तर फडाला तिकिटे कोण काढणार?

शब्द हिंडत जातो आणि त्याचा अर्थ बदलतो, हे खरे. पण ज्याला आपण भांडण म्हणतो, ती कुणाची तरी कला आहे, पोटाची भाकरी आहे. हे मी गुरुजींना भीत भीत सांगितलं. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे पोरी. उद्यापासून 'गोंधळ' म्हणेन."

आजोबांना हे सांगितलं, तर ते आता खो खो हसले. म्हणाले, "अगं, गोंधळ तरी काय? तोही देवीचाच की!"

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी