गाव बदलताना (लेखांक ७) : उताराचं सातारा, सपाटीची सांगली

मागच्या लेखांकात भाडं, डिपॉझिट आणि करारनामा यांबद्दल लिहिलं. आज त्याआधी विचारायचा प्रश्न घेऊ. पुण्या-मुंबईहून साताऱ्याला किंवा सांगलीला जायचं म्हणणारा प्रत्येक जण विचारतो, "गाव निवांत आहे ना?" कुठल्या महिन्यात, कुठल्या भागात आणि कुठल्या वेळी, हे धरल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. गावाची चाल ओळखायची तर आधी तिथली जमीन बघावी आणि मग पाणी, असं माझं ठाम मत आहे.

सातारा अजिंक्यताऱ्याच्या कुशीत, उतारावर वसलेलं आहे. शाहू महाराजांची ही राजधानी. राजवाडा, मोती चौक आणि वारांच्या नावाच्या पेठा हे जुनं गाव चढउताराचं, अरुंद गल्ल्यांचं. इथे माणसं चालतात, ओळखीच्या दुकानापाशी थांबतात. पोवई नाक्यावर मात्र चाल बदलते. एसटी स्टँड, सरकारी कचेऱ्या आणि आठ दिशांचे रस्ते यांची तिथे गर्दी. ती सुटावी म्हणून बांधलेला ग्रेड सेपरेटर २०२१ साली खुला झाला. पेठेत राहायचं की गोडोली, शाहूपुरीकडे, यावर तुमचा रोजचा दिवस ठरेल. गाव एकच असलं तरी त्यात दोन वेग आहेत.

पाण्याचंही तसंच. कास तलावाचं पाणी उताराने शहराकडे येतं, तर उरमोडीवरच्या शहापूर योजनेचं पाणी पंपाने चढवावं लागतं. म्हणून घर बघताना शेजारच्या बाईंना विचारा, "नळाला पाणी किती वाजता येतं, आणि कुठलं येतं?" पहाटे येत असेल तर तुमची पहाट पाण्याची झाली म्हणून समजा. म्हातारे आईवडील सोबत असतील तर घरापर्यंतचा चढही त्यांना घेऊन एकदा चढून बघा.

साताऱ्याची दुसरी नाडी पुण्याला बांधलेली आहे. अंतर जेमतेम ११० किलोमीटर. शनिवारी घरी आलेली मुलं रविवारी संध्याकाळी परत निघतात, स्वारगेटच्या विनावाहक गाड्यांना रांगा लागतात आणि महामार्गावर गाड्या अडकतात. सप्टेंबरात कासच्या पठारावर फुलं आली की यवतेश्वराच्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी वाहनांची रीघ असते. त्यामुळे रविवारी बघितलेलं सातारा हे खरं सातारा नव्हे. मंगळवारी, बुधवारी जा. आणि जुलैत जा, कारण पावसाची झड काय असते, कपडे किती दिवस ओले राहतात, हे उन्हाळ्यात कुणी सांगून कळत नाही.

सांगली याच्या अगदी उलट. सपाट जमीन, सायकल सहज चालावी असे रस्ते, कृष्णेचा घाट आणि पटवर्धनांचं गणपती मंदिर. हरभट रोड, गणपती पेठ, कापड पेठ इथला व्यापार जुना आणि बोलका आहे. हळदीचा हंगाम सुरू झाला की मार्केट यार्डात सौद्यांची धांदल उडते, बेदाण्याचेही सौदे होतात, आणि शहराच्या खिशात पैसा खेळतो. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीता स्वयंवर' हे नाटक केलं, तेव्हापासून हे नाटकवेडं गाव आहे. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, भावे नाट्यमंदिरात येऊन बसा. सांगलीकर संध्याकाळ कशी घालवतो हे तिथे कळतं.

पण सांगलीची खरी परीक्षा ऑगस्टमध्ये. १९२९ साली खुला झालेला कृष्णेवरचा आयर्विन पूल हे इथलं पावसाळ्यातलं घड्याळ आहे. पुलापाशी पाणी चाळीस फुटांवर आलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ साली पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथे तर इशारा पातळीच्या आसपासच पाणी शिरायला लागतं. त्या दिवसांत प्रत्येक घरात दोनच प्रश्न असतात : "आयर्विनला किती फूट?" आणि "कोयनेतून किती सोडलंय?" कोयना नदी आणि तिच्यावरचं धरण सातारा जिल्ह्यातलं. कराडला ही नदी कृष्णेला मिळते आणि तिकडचा पाऊस इकडे सांगलीच्या उंबऱ्यावर येतो. शामरावनगरसारख्या सखल भागात तर नदीला पूर नसतानाही पावसाचं पाणी साचून राहतं.

म्हणून सांगलीत घर बघताना दलालाला विचारू नका. त्याच गल्लीतल्या गिरणीवाल्याला, औषधाच्या दुकानदाराला, पेपर टाकणाऱ्या मुलाला वेगवेगळं विचारा, "२००५ ला, २०१९ ला, २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं?" लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. तिघांचे हात एका उंचीवर आले तर ती उंची खरी माना. नदीपासून लांब राहायचं असेल तर विश्रामबागेपासून मिरजेपर्यंतचा पट्टा बघा. १९९८ पासून सांगली, मिरज आणि कुपवाड यांची महापालिका एक आहे, तरी तिघांची चाल वेगळी. कुपवाडला एमआयडीसीच्या पाळ्या. मिरजेत रेल्वे जंक्शन आणि दवाखाने, कर्नाटकातून येणारे रुग्ण, त्यांचे नातेवाईक. ते गाव रात्रीही पुरतं झोपत नाही. घरात कायमचं आजारपण असेल तर हीच जाग मोठा आधार ठरते.

माझा सल्ला असा. चढ झेपत असेल आणि पुण्याशी संबंध ठेवायचा असेल तर सातारा. व्यापार, नाटक, दवाखाने जवळ हवे असतील तर सांगली-मिरज. मात्र तिथे २०१९ साली पाणी चढलेल्या तळमजल्यावरचं घर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

(पुढच्या आठवड्यात : मुलांची शाळा वर्षाच्या मध्यात बदलताना)