अल्तामुराची सामाईक भट्टी

इटलीतल्या गल्लीबोळांतली जुनी भट्टी म्हणजे मुळात पाव विकायचं दुकान नव्हतंच. ती लोकांचा पाव भाजून देणारी जागा होती. दक्षिणेकडच्या पुलिया प्रांतात, बारी शहरापासून सुमारे ४५ किलोमीटरवर, मुर्जाच्या खडकाळ पठारावर अल्तामुरा हे गाव आहे. तिथल्या पावात ही गोष्ट अजूनही दिसते.

बायका घरी कणीक मळायच्या आणि गोळे भट्टीवर जायचे. साऱ्या घरांचे पाव एकाच आगीत भाजायचे असल्याने प्रत्येक गोळ्यावर कुटुंबप्रमुखाच्या आद्याक्षरांचा लाकडी किंवा लोखंडी शिक्का उठवलेला असे. पाव तयार झाले की भल्या पहाटे भट्टीवाला गल्लीत हाक देई. घरी भाजायला मनाई होती, आणि ती मोडली तर भाजणावळीच्या एकूण खर्चाच्या एक तृतीयांश दंड. १५२७ च्या नगर-नियमांत भट्टीच्या कराची कलमं सापडतात. हा सारा मामला वसुलीचाच, पण त्या जाचातूनच गल्लीला रोज भेटण्याची एक हक्काची जागा मिळाली, असं मला वाटतं.

पावाचं रूपही त्या जगण्यातूनच आलं. शेतकरी आणि मेंढपाळ आठवडा-पंधरवडा माळावरच्या वाड्यांत राहायचे, आणि तितके दिवस घरचाच पाव पुरवायचा असे. त्यामुळे पाव मोठा हवा, कवच जाड हवं आणि आतला ओलावा टिकायला हवा. शिळा झालेला पाव उकळत्या पाण्यात भिजवून, वर ऑलिव्ह तेल आणि मीठ घालून खायचा, ही ‘चालेद्दा’. आता तीच उन्हाळ्यात टोमॅटो-कांदा घालून गार खातात.

टिकाऊपणाचं निम्मं श्रेय गव्हाला. हा डुरम, म्हणजे आपल्याकडचा बन्सी गहू. (खपली हा त्याचा पूर्वज, म्हणजे आपल्या खिरीचं आणि या पावाचं कूळ एकच.) त्याचा रवा पुन्हा दळून बारीक करतात. त्या दळणीत पिठातला स्टार्च फुटतो, पीठ जास्त पाणी धरतं आणि पाव सावकाश शिळा होतो. गाभ्याचा हळदुवा रंगही या गव्हाचाच.

जुलै २००३ मध्ये या पावाला युरोपीय संघाचं मूळस्थानाचं संरक्षण मिळालं. युरोपात पावाला मिळालेला तो पहिलाच मान. त्यासोबतची कृती वाचण्यासारखी आहे. १०० किलो रव्याला २० किलो आंबवलेली कणीक, २ किलो समुद्री मीठ आणि १८ अंशांचं ६० लिटर पाणी. मळणी २० मिनिटं, मग सुती कापडाखाली दीड तास मुरवण. भट्टी २५० अंशांवर. पहिली १५ मिनिटं तिचं दार उघडं ठेवायचं, पुढची ४५ मिनिटं बंद आणि शेवटी वाफ जाऊ द्यायला पुन्हा ५ मिनिटं उघडं. कवच किमान ३ मिलिमीटर जाड हवंच. आकार दोन: एक दुमडलेला उंच पाव, दुसरा बसका, त्याला ‘पाद्र्याची टोपी’ म्हणतात.

रोमन कवी होरेसने इसवी सनपूर्व ३७ च्या प्रवासावर लिहिलेल्या काव्यात एका गावाच्या पावाची मनसोक्त स्तुती आहे: पाणीसुद्धा विकत घ्यावं लागतं, पाव मात्र असा की शहाणा वाटसरू पुढच्या मुक्कामासाठीही बांधून घेतो. अल्तामुरा हा मान आपलाच मानतं. होरेसने मात्र गावाचं नाव दिलेलं नाही, आणि त्याचा पुढचा मुक्काम उत्तरेकडच्या कानोसाचा आहे. मला हा दावा ओढूनताणून आणलेला वाटतो. या पावाला त्याची गरजही नाही.

मात्र भट्टीवर उभं राहून लोक खातात तो पाव नव्हे, फोकाच्चा. गोल लोखंडी थाळ्यात भरपूर ऑलिव्ह तेल, त्यावर सैलसर पीठ, हाताने कुस्करून रोवलेले टोमॅटो, ऑलिव्ह आणि ओरेगानो. कडा तेलात तळल्यासारख्या कुरकुरीत होतात, टोमॅटोखालचा भाग मऊ आणि आंबटसर राहतो. तुकडा कापून, तोलून कागदात देतात. दारातून बाहेर पडेपर्यंत कागद तेलाने पारदर्शक झालेला असतो.

२००१ मध्ये गावात मॅकडॉनल्ड्स उघडलं. शेजारीच एका स्थानिक बेकरीवाल्याने छोटं दुकान थाटून फोकाच्चा विकायला सुरुवात केली, आणि २००२ संपता संपता मॅकडॉनल्ड्सने गाशा गुंडाळला. त्यावर २००९ साली निको चिराझोला यांनी ‘फोकाच्चा ब्लूज’ हा चित्रपट काढला. बातम्यांनी या प्रसंगाला युद्धाचं रूप दिलं. मला त्यात लढाईपेक्षा सवय दिसते. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या आपलं पीठ शेजारच्या भट्टीवर भाजून घेतलं, त्याला गरम, स्वस्त आणि भूक असेल तेवढाच तोलून मिळणारा घास ठाऊक होता.

तिथे गेलात तर फोकाच्चा तिथल्या तिथे, गरम असतानाच खा. पाव मात्र अख्खा घ्या, कापडात गुंडाळून ठेवा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही खाऊन बघा.