मांडलेली सोंगटी

बुद्धिबळात मोहरे आधीपासून पटावर असतात आणि खेळ त्यांच्या चालींचा असतो. दुसऱ्या एका घराण्यातल्या खेळांत पट सुरुवातीला रिकामा असतो. दोन्ही गडी आळीपाळीने एकेक सोंगटी ठेवतात आणि एकदा ठेवलेली सोंगटी जागची हलत नाही. शाळेच्या वहीत मागच्या पानावर रंगणारा फुल्लीगोळा हा या घराण्यातला सर्वांत धाकटा, तर चीनमध्ये जन्मलेला आणि जपान-कोरियात वाढलेला गो हा सर्वांत थोरला. काही खेळ दोन्हींच्या सीमेवर आहेत. महाराष्ट्रातल्या लेण्यांच्या आणि देवळांच्या दगडी फरशांवर कोरलेला आढळणारा नवकंकरीचा पट हे त्याचे ठळक उदाहरण. एकात एक तीन चौकोन, त्यांवर २४ बिंदू आणि प्रत्येकी नऊ सोंगट्या. आधी सगळ्या सोंगट्या मांडायच्या आणि मग सरकवायच्या. (कॅरमच्या सोंगट्या राणी वगळता नऊ पांढऱ्या आणि नऊ काळ्या असतात, तेव्हा हा खेळ आजही विनाखर्च मांडता येतो.)

नवा खेळ रचू पाहणाऱ्याला हे घराणे दोन कारणांनी सोयीचे पडते. पहिले कारण नियमांचा थोडकेपणा. घोडा कसा चालतो आणि प्यादे कधी तिरके मारते, हे काही शिकवावे लागत नाही. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. प्रत्येक खेळीला एक घर भरते, म्हणून डाव कधी ना कधी संपतोच. चालींच्या खेळात दोघेही पुढे-मागे करत राहिले तर डाव लांबतच जातो आणि त्याला आवर घालायला वेगळे नियम लागतात. मात्र मांडणीच्या खेळात सोंगटी उचलण्याची मुभा दिली, की ही हमी लगेच नाहीशी होते. गोमध्ये चारही बाजूंनी वेढलेला खडा पटावरून काढला जातो. त्यामुळे एकाच जागी दोघांनी एकमेकांचा एकेक खडा आलटूनपालटून काढत राहण्याचा प्रसंग येतो. तो टाळण्यासाठी ‘को’ हा नियम करावा लागला. लगेच उलट मारून पटावर आधीचीच स्थिती पुन्हा आणता येत नाही. म्हणजे एका मुभेची किंमत एका जादा नियमाने चुकवावी लागली. गोमध्ये ती किंमत वसूल झाली, पण नवख्या रचनाकाराने सोंगट्या मारण्याची सोय सहज म्हणून देऊ नये.

रचनेला सुरुवात शेवटापासून करावी. डाव कशाने जिंकला जातो हे ठरल्याशिवाय पटाचा आकार ठरवण्यात अर्थ नसतो. रूढ उद्दिष्टे मोजकीच आहेत. एका ओळीत ठरावीक सोंगट्या आणणे, पटाच्या दोन कडा जोडणे, जास्तीत जास्त जागा व्यापणे किंवा शेवटची खेळी आपल्या हाती राखणे. ओळीचे उद्दिष्ट सर्वांना चटकन कळते, म्हणून नवे रचनाकार बहुधा तिथूनच सुरुवात करतात. पण ते फसवे आहे. ओळ लहान ठेवली तर पहिला गडी जिंकतो आणि मोठी ठेवली तर कुणीच जिंकत नाही. या दोन टोकांच्या मधली पट्टी फार अरुंद असते. पाच सोंगट्यांची ओळ लावायच्या गोमोकू या खेळात १५ बाय १५ च्या पटावर पहिला गडी हमखास जिंकू शकतो, हे व्हिक्टर अ‍ॅलिस या डच संशोधकाने १९९०च्या दशकात संगणकाच्या मदतीने दाखवून दिले. उभ्या पटावर वरून चकत्या सोडायचा ‘कनेक्ट फोर’ १९७४ साली बाजारात आला. त्यातही मधल्या रकान्यातून सुरुवात करणारा जिंकू शकतो, हे १९८८ मध्ये सिद्ध झाले. दोन्ही खेळ अजून आवडीने खेळले जातात, कारण जिंकण्याची वाट आहे हे माहीत असणे वेगळे आणि ती समोर बसून सापडणे वेगळे.

कडा जोडण्याच्या उद्दिष्टात पटाची भूमिती निर्णायक ठरते. चौकोनी घरांच्या पटावर एकमेकांना लागून असलेली चार घरे घेतली आणि वरचे डावे व खालचे उजवे घर काळ्याने, तर उरलेली दोन पांढऱ्याने व्यापली, की अडचण दिसते. कोपऱ्याला कोपरा लागणे हे जोड मानले नाही, तर त्या ठिकाणी दोघांचीही वाट अडते आणि डाव बरोबरीत सुटू शकतो. जोड मानले, तर दोघांच्याही वाटा एकमेकींना छेदून पार जातात आणि कुणी कुणाला अडवू शकत नाही. षटकोनी घरांत हा पेच उद्भवतच नाही. तिथे कोणत्याही कोपऱ्यावर तीनच घरे मिळतात. रंग दोन असल्यामुळे तिघांपैकी निदान दोन घरे एका रंगाची होणारच, आणि ती एकमेकांना कडेने लागूनच असतात. त्या ठिकाणी एकाचीच वाट तुटते आणि दुसऱ्याची जुळते.

या एका निरीक्षणावर ‘हेक्स’ हा खेळ उभा आहे. नवा मांडणीचा खेळ रचणाऱ्याने अभ्यासासाठी एकच नमुना निवडायचा झाला, तर तो हाच निवडावा. डेन्मार्कमधील गणितप्रेमी कवी पीट हाइन याने तो रचला. सपाट नकाशा रंगवायला चार रंग पुरतात का, या त्या वेळी न सुटलेल्या प्रश्नावर विचार करताना त्याला हा खेळ सुचला. कोपनहेगनच्या ‘पोलिटिकेन’ या दैनिकात २६ डिसेंबर १९४२ रोजी तो ‘पॉलिगॉन’ या नावाने प्रसिद्ध झाला. देश जर्मन फौजांच्या ताब्यात होता. तरीही छापील षटकोनांच्या कागदी पॅडवर लोक तो पेन्सिलीने खेळू लागले. काही वर्षांनी, १९४०च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठातील जॉन नॅश या विद्यार्थ्याने हाच खेळ स्वतंत्रपणे शोधला. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारा तो हाच नॅश. १९५२ मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने ‘हेक्स’ हे नाव देऊन तो विकायला काढला. त्याची खरी ओळख झाली ती १९५७ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यावर लिहिले तेव्हा.

पट ११ बाय ११ घरांचा, समभुज चौकोनाच्या आकाराचा. समोरासमोरच्या दोन कडा काळ्याच्या, उरलेल्या दोन पांढऱ्याच्या. आपल्या दोन कडा सलग सोंगट्यांनी आधी जोडेल तो जिंकला. नियम एवढेच. सोंगटी हलत नाही, मरत नाही, आणि बरोबरी होऊच शकत नाही. इतक्या तुटपुंज्या नियमांतून डावपेच कसे निघतात, ते एका छोट्या रचनेत दिसते. एकाच रंगाच्या दोन सोंगट्या अशा ठेवल्या, की त्या एकमेकींना लागून नाहीत, पण दोघींनाही लागून असलेली दोन रिकामी घरे मध्ये आहेत. प्रतिस्पर्ध्याने त्यांतले एक घर घेतले, तर दुसरे आपण घ्यायचे. दोन्ही घरे एका खेळीत अडवता येत नाहीत, म्हणून ती जोड झाल्यातच जमा असते. याला खेळाडू ‘पूल’ म्हणतात. पूल टाकत गेले की दर खेळीला दोन ओळी पुढे सरकता येते. हा पूल नियमांत कुठेही लिहिलेला नाही, तो षटकोनाच्या पोटातून आला आहे. चांगल्या रचनेची ही खूण मानायला हरकत नाही. डावपेच नियमपुस्तिकेत लिहावे लागत असतील, तर कुठेतरी बिनसले आहे.

नॅशने या खेळाबद्दल एक विलक्षण युक्तिवाद मांडला. समजा, दुसऱ्या गड्याकडे हमखास जिंकण्याची पद्धत आहे. मग पहिल्याने कुठेही एक सोंगटी ठेवावी आणि पुढे आपणच दुसरे आहोत असे समजून तीच पद्धत वापरावी. हेक्समध्ये जादा सोंगटी कधीच अंगाशी येत नाही, तेव्हा पहिला जिंकायला हवा. दोघेही हमखास जिंकतात हे अशक्य, म्हणून मूळ गृहीतच चुकीचे. बरोबरीही होत नाही, तेव्हा हमखास विजयाची वाट पहिल्या गड्याकडेच असली पाहिजे. ती वाट कोणती, यावर मात्र हा युक्तिवाद अवाक्षर काढत नाही. संगणकांनी २०१३ पर्यंत ९ बाय ९ च्या पटावरच्या सगळ्या सुरुवाती सोडवल्या. पण कितीही मोठ्या पटासाठी चालेल अशी सोपी रीत असण्याची आशा फारशी नाही. हेक्स हा गणनाच्या दृष्टीने अत्यंत अवघड वर्गातला प्रश्न आहे, हे १९८१ मध्ये श्टेफान राइश यांनी सिद्ध केले.

म्हणजे पहिल्या गड्याला फायदा हा मांडणीच्या खेळांचा जन्मजात दोष. एकाची सोंगटी आधी पडते आणि ती कायम तिथेच राहते, तेव्हा दुसरे काय होणार? त्यावर तीन तऱ्हेचे उपाय रूढ आहेत. गोमध्ये दुसऱ्याला भरपाईचे गुण देतात. जपानमध्ये ते ६.५ आहेत, चीनमध्ये ७.५. अर्धा गुण बरोबरी टाळण्यासाठी. हा उपाय गुणांच्या खेळातच चालतो, शिवाय आकडा ठरायला हजारो डावांचा अनुभव लागतो, जो नव्या खेळापाशी नसतो. दुसरा उपाय पहिल्याचे हात बांधण्याचा. गोमोकूवरून निघालेल्या रेंजूमध्ये काळ्याला एकाच खेळीत दोन तिकड्या किंवा दोन चौकड्या करायला आणि पाचाहून मोठी ओळ लावायला बंदी आहे. खेळ समतोल झाला, पण नियमांची यादी वाढली आणि नवख्यांची वाट अडली. तिसरा उपाय सर्वांत सुटसुटीत. भावाभावांच्या वाटणीत एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, तसे पहिल्याने पहिली सोंगटी ठेवायची आणि दुसऱ्याने हवे तर बाजू बदलून ती आपली करायची. पहिली खेळी फार जोरकस केली तर ती हातची जाते, म्हणून पहिला गडी मुद्दाम मध्यम जागा शोधतो. हेक्समध्ये हाच नियम वापरतात. तो एका वाक्यात सांगता येतो आणि जवळजवळ कोणत्याही नव्या खेळाला जोडता येतो.

याहून कमी दिसणारा, पण तितकाच घातक दोष म्हणजे नकलेचा. एका खेळात दोघेही गडी दोन घरे व्यापणारी पट्टी आडवी किंवा उभी ठेवतात आणि ज्याला जागा उरत नाही तो हरतो. पट ८ बाय ८ चा असेल, तर दुसऱ्याने फक्त पहिल्याच्या खेळीची पटाच्या मध्याभोवती अर्धा फेरा फिरवलेली नक्कल करत राहायचे. पहिल्याला जागा मिळाली म्हणजे समोर दुसऱ्यालाही मिळणारच, आणि डोके न चालवता तो जिंकतो. या खेळाचे नाव ‘क्रॅम’. योरान अँडरसन यांच्या ‘डॉमिनिअरिंग’ या खेळात एकच फरक आहे, एकाने पट्टी उभीच ठेवायची आणि दुसऱ्याने आडवीच. अर्धा फेरा फिरवली तरी उभी पट्टी उभीच राहते, म्हणून नकलेचा मार्ग बंद होतो आणि खरा खेळ सुरू होतो. नव्या खेळाची चाचणी घेताना नक्कल करून पाहणे ही पहिली कसोटी असायला हवी.

सोंगट्या सारख्याच असल्या पाहिजेत असेही नाही. बर्नार्ड तावितियन या फ्रेंच रचनाकाराचा ‘ब्लोकस’ २००० साली आला. त्यात एक ते पाच चौकोन जोडून होणारे सगळे, म्हणजे २१ आकार प्रत्येक रंगाला मिळतात. आपल्याच रंगाच्या तुकड्याला नवा तुकडा कोपऱ्याने लागला पाहिजे, कडेने लागता कामा नये. हेक्सला नडणारा चौकोनाचा कोपरा इथे खेळाचा कणा झाला आहे. एका रंगाचे चौकोन भरतात ८९, चार रंगांचे ३५६, आणि पटावर घरे ४००. कागदावर सगळे मावते, प्रत्यक्षात कोंडी होते आणि सगळी गंमत त्या कोंडीत असते. ब्लेझ म्युलर यांच्या १९९१च्या ‘क्वार्टो’मध्ये १६ सोंगट्या दोघांच्या सामाईक आहेत आणि कोणती ठेवायची ते प्रतिस्पर्धी ठरवतो.

नमुना बनवायला खर्च लागत नाही. षटकोन छापलेला कागद आणि दोन रंगांची बटणे किंवा डाळी पुरतात. पटाचा आकार मात्र खेळूनच ठरतो. हाइनने ११ पसंत केले, तर नॅशला १४ योग्य वाटत. लहान पटावर सुरुवातच शेवट ठरवते, मोठ्यावर बराच वेळ कुणाचे कुणाशी देणेघेणे नसते. रचनाकाराने स्वतः समजावून सांगत घेतलेली चाचणी फारशी कामाची नाही. नियम लिहून दुसऱ्यांच्या हाती द्यावेत आणि गप्प बसावे. कुठे अडतात, कोणता नियम विसरतात आणि हरल्यावर पुन्हा पट मांडतात का, यावर लक्ष ठेवावे.

अलीकडे चाचणीचे काम यंत्रही करते. ऑस्ट्रेलियात कॅमेरॉन ब्राउन यांनी पीएचडीसाठी ‘लुडी’ हा संगणक-कार्यक्रम तयार केला. तो ज्ञात खेळांच्या नियमांची सरमिसळ करून नवे खेळ बनवायचा, ते स्वतःशीच खेळायचा आणि रटाळ निघाले तर टाकून द्यायचा. त्यातून २००७ मध्ये ‘यावालाथ’ निघाला. नावही यंत्रानेच दिले. पुढे नेस्टरगेम्स या प्रकाशनाने तो विक्रीला आणला. ६१ षटकोनी घरांचा पट, चारची ओळ लावली की जीत, पण त्याआधी तीनची ओळ झाली तर हार. काळ्याने दोन सोंगट्या, मग एक रिकामे घर, मग एक सोंगटी अशी रचना केली, की पांढऱ्याला त्या घरात बसावेच लागते. ते घर पांढऱ्याच्या दोन सोंगट्यांच्या ओळीत असेल, तर अडवतानाच त्याची तिकडी होते आणि तो हरतो. दोन ओळींच्या नियमांतून निघालेला हा सापळा अनुभवी रचनाकारांनाही आधी सुचला नव्हता.

खेळ तयार झाल्यावर हक्कांचा प्रश्न येतो. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३ (एम) नुसार खेळ खेळण्याची पद्धत हा शोध मानला जात नाही, त्यामुळे नियमांवर पेटंट मिळत नाही. कॉपीराइट मिळतो तो नियमपुस्तिकेच्या मजकुराला आणि पटावरच्या चित्रांना, त्यामागच्या कल्पनेला नाही. नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करता येते. म्हणून प्रकाशक बहुधा नाव, खोक्याचे रूप आणि सोंगट्यांची घडण यांवर भर देतात. तोच खेळ कुणी कागदावर षटकोन आखून घरी खेळत असेल, तर त्यावर बंदी घालता येत नाही.