राजाचं साल आणि चाकरांचे दात

इंका साम्राज्यावरचं कुठलंही पुस्तक उघडा, १४३८ हे साल हमखास भेटतं. त्या वर्षी पाचाकुती कुस्कोच्या गादीवर बसला आणि एका डोंगरी राज्याचं बघता बघता साम्राज्य झालं, असं सांगतात. मी आयुष्यभर उत्खननातल्या मातीतून जळके दाणे वेचले. इतकं नेमकं साल दिसलं की मला पहिल्यांदा विचारावंसं वाटतं : हे मोजलं कुणी?

मोजलं कुणीच नव्हतं. इंकांना लिपी नव्हती, त्यांचे हिशेब किपू नावाच्या दोऱ्यांच्या गाठींत असत. राजांच्या कथा स्पॅनिश बखरकारांनी मागाहून स्थानिकांकडून ऐकून लिहिल्या. मिगेल काबेयो वाल्बोआ यांनी १५८६ मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथात सालं दिली. त्यांतली शेवटच्या राजांची सालं जॉन रो या अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी १९४५ मध्ये ग्राह्य धरली आणि तेच वेळापत्रक रूढ झालं. रो यांना दोष देणं अन्यायाचं होईल. विलर्ड लिबी यांनी कार्बन-१४ वरून वय काढून दाखवलं ते १९४९ मध्ये.

झाड किंवा प्राणी जिवंत असेपर्यंत त्याच्यात हा किरणोत्सारी कार्बन येत राहतो. मेल्यावर आवक थांबते आणि असलेला साठा ५७३० वर्षांत निम्मा होतो. उरला किती हे मोजलं की वय कळतं. पण १५३२ मध्ये स्पॅनिश सेनानी पिसारोनं काहामार्कात इंका राजा अताहुआल्पाला पकडलं तेव्हा हे साम्राज्य जेमतेम शंभर वर्षांचं होतं. तिथे चाळीस वर्षांची चूक झाली तर एका राजाची कामगिरी दुसऱ्याच्या नावावर जाते. आणि चुकायला जागा पुष्कळ. तुळईचा कोळसा मोजला तर त्या लाकडाचं वय मिळतं, घराचं नव्हे. तुळई आधीच्या घरातून काढून आणलेलीही असू शकते. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगायची, दाणा शोधा. दाणा एकाच हंगामाचा असतो. शिवाय दक्षिण गोलार्धात समुद्र जास्त, त्यामुळे तिथल्या हवेत हा कार्बन किंचित कमी आणि नमुने काही दशकांनी जुने भासतात. त्यासाठी दुरुस्तीचा वेगळा आलेख वापरतात. अँडीजवर पावसाळ्यात उत्तरेकडची हवाही येते, तेव्हा नेमका कुठला आलेख लावायचा यावर अजून वाद आहे.

माचू पिचू या इंका वस्तीचे दगड या पद्धतीला काहीच सांगत नाहीत. सांगितलं ते माणसांनी. हायरम बिंगम यांच्या पथकानं १९१२ मध्ये तिथल्या थडग्यांतून काढलेले सांगाडे येल विद्यापीठात होते. ते आता पेरूला परत गेले आहेत. त्यांतल्या २६ जणांच्या हाडांचं आणि दातांचं वय रिचर्ड बर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलं आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. वेगवर्धक यंत्रात कार्बनचे अणू थेट मोजले जातात, त्यामुळे चिमूटभर नमुना पुरतो. दाताचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवावं लागतं : त्याचा आतला भाग लहानपणी घडतो आणि पुढे बदलत नाही, म्हणून दात बालपणाचं साल सांगतो. निष्कर्ष असा निघाला की साधारण १४२० पासून १५३० पर्यंत तिथे वस्ती होती. ही जागा पाचाकुतीची मानली जाते. मग १४३८ ला गादीवर आलेल्या राजानं ती १४२० च्या सुमारास कशी वसवली?

मला भावतं ते पुढचं. हे सांगाडे राजघराण्यातले नव्हेत. बहुतेक जण राजाच्या चाकरीतले, आणि त्यांच्या डीएनएवरून दिसतं की त्यांतले कितीतरी दूरदूरच्या मुलखांतून, अगदी ॲमेझॉनकडूनही आलेले होते. एकाचंही नाव कुठल्या बखरीत नाही. तरी राजाच्या सालावर शंका घ्यायला लावली ती त्यांच्याच दातांनी, आणि या शोधातली सर्वांत न्याय्य गोष्ट मला हीच वाटते.

माचू पिचू एकटं नाही. २०१७ मध्ये एरिक मार्श, डेनिस ऑगबर्न आणि सहकाऱ्यांनी उत्तरेला इक्वेडोर आणि दक्षिणेला अर्जेंटिनातलं मेंडोसा इथली वयं बेझच्या संख्याशास्त्रानं तपासली. साम्राज्याच्या दोन्ही टोकांना इंका रो यांच्या वेळापत्रकाआधीच पोचलेले दिसतात. तेव्हा एकतर पाचाकुती आधी होऊन गेला, नाहीतर त्याच्या नावावरचे काही विजय त्याच्या आधीच्यांचे आहेत. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे, पण सालांवर पैज लावायची नसते. डोंगरउतारांवर इंकांच्या धान्यकोठारांच्या रांगा अजून उभ्या आहेत; तिथल्या मातीत जळका मका सापडेल तिथे तिथे तो वेचून प्रयोगशाळेत पाठवायला हवा.